जॉनी विल्किन्सन : एक किक आणि त्यानंतरचे १,१६९ दिवस

मैदानवेडा (धागाकर्ता)

मराठीत रग्बीवर लिहिलेले मला फार थोडे सापडते, आणि त्यात इंग्लंडच्या जॉनी विल्किन्सनचे नाव आले तर ते बहुधा एकाच किकच्या निमित्ताने आलेले असते. २२ नोव्हेंबर २००३ रोजी सिडनीत विश्वचषकाचा अंतिम सामना जादा वेळेतही बरोबरीत होता. शंभरावे मिनिट संपायला अर्धे मिनिटही उरले नव्हते, तेव्हा या डावखुऱ्या पायाच्या खेळाडूने उजव्या पायाने ड्रॉप गोल मारला आणि इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला २०-१७ असे हरवले. तो क्षण मोठा होता, याबद्दल वाद नाही. परंतु त्याच्या सतरा वर्षांच्या कारकिर्दीकडे मी जितक्या वेळा वळून पाहतो, तितके माझे मत पक्के होत जाते की ही किक त्या कारकिर्दीचे शिखर नसून तिचा मध्य आहे, आणि त्या किकनंतर जे घडले ते आपण नीट वाचलेलेच नाही.

सुरुवात पाहा. ४ एप्रिल १९९८ रोजी आयर्लंडविरुद्ध बदली खेळाडू म्हणून तो प्रथम इंग्लंडच्या जर्सीत उतरला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्यानंतर दोनच महिन्यांनी इंग्लंडने अनेक अनुभवी खेळाडूंना विश्रांती देऊन एक कच्चा संघ दक्षिण गोलार्धाच्या दौऱ्यावर पाठवला. ब्रिस्बेनमधल्या पहिल्याच कसोटीत ऑस्ट्रेलियाने त्या संघाला ७६-० असे चिरडले. दहा क्रमांकाच्या जर्सीत सुरुवातीपासून खेळण्याची विल्किन्सनची ती पहिलीच कसोटी होती आणि त्याचा एकोणिसावा वाढदिवस होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. इंग्रजी क्रीडाजगतात तो दौरा आजही 'नरकाचा दौरा' म्हणून ओळखला जातो. त्या दौऱ्यावर गेलेल्यांपैकी कितीतरी जण पुन्हा कसोटी संघात दिसले नाहीत.

पुढच्या वर्षीच्या विश्वचषकात, २४ ऑक्टोबर १९९९ रोजी पॅरिसमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यासाठी त्याला वगळून पॉल ग्रेसनला खेळवण्यात आले. विल्किन्सन राखीव खेळाडूंच्या बाकावर बसला होता आणि समोर दक्षिण आफ्रिकेचा यानी डी बीअर एका सामन्यात पाच ड्रॉप गोल मारून इंग्लंडला स्पर्धेबाहेर काढत होता. चार वर्षांनी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, सिडनीच्या पावसात, फ्रान्सविरुद्ध इंग्लंडने २४-७ असा विजय मिळवला. ते चोवीसच्या चोवीस गुण एकट्या विल्किन्सनचे होते, आणि त्यांत तीन ड्रॉप गोल होते. पॅरिसच्या बाकावर बसून पाहिलेला तो दिवस त्याच्या पायात कुठेतरी मुरला असणार, असे मला नेहमी वाटते.

मग अंतिम सामना आला, विजय आला, मायदेशी लोकांचा महापूर लोटला. आणि त्यानंतर तो इंग्लंडच्या जर्सीत थेट ३ फेब्रुवारी २००७ रोजी उतरला. मधले अंतर १,१६९ दिवसांचे आहे. या काळात त्याला कर्णधार म्हणून नेमले गेले होते, परंतु नेमणुकीनंतर दुखापतीमुळे तो मैदानावर येऊच शकला नाही. चोवीस ते सत्तावीस ही खेळाडूच्या ऐन भराची वर्षे त्याने शस्त्रक्रिया, व्यायामशाळा आणि पुन्हा शस्त्रक्रिया अशा फेऱ्यांत घालवली.

परतल्यावर त्याने काय केले, हे मी मुद्दाम इथे थांबवतो, कारण चर्चेत ते यावे अशी माझी इच्छा आहे. माझे म्हणणे एवढेच की विल्किन्सनची कारकीर्द मोजायची असेल, तर त्या एका किकपेक्षा या १,१६९ दिवसांच्या अलीकडचा आणि पलीकडचा माणूस शेजारी ठेवून मोजावी. जाणकारांनी आपली मते सविस्तर मांडावीत.

नवखा

लेख आवडला. मी रग्बी फारसा पाहिलेला नाही, म्हणून दोन साध्या शंका विचारतो. ड्रॉप गोल म्हणजे नक्की काय आणि तो एवढा अवघड का मानला जातो? दुसरे असे की, तो डावखुरा असताना उजव्या पायाने का मारला? तीन गुणांसाठी अशी जोखीम का घ्यावी लागली?

मैदानवेडा

नवखा, तुमच्या शंका अगदी योग्य जागी आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

रग्बीत चेंडू विरोधी संघाच्या गोलरेषेपलीकडे जमिनीवर टेकवला की 'ट्राय' होतो आणि पाच गुण मिळतात. ट्रायनंतरच्या किकला ('कन्व्हर्जन') दोन, दंड म्हणून मिळालेल्या पेनल्टी किकला तीन आणि ड्रॉप गोललाही तीन गुण असतात. पेनल्टी किक मारताना चेंडू जमिनीवर स्थिर ठेवता येतो, श्वास घ्यायला वेळ असतो आणि कोणी अंगावर धावून येत नाही. ड्रॉप गोल मात्र खेळ चालू असताना मारायचा असतो. चेंडू हातातून सोडायचा, तो जमिनीला लागून उसळी घेऊ लागताच त्याच क्षणी पायाने टोलवायचा, आणि तो तीन मीटर उंचीच्या आडव्या दांड्यावरून, एकमेकांपासून ५.६ मीटर अंतरावर उभ्या असलेल्या दोन खांबांमधून गेला पाहिजे. चेंडू लंबगोल असल्यामुळे तो टोकावर सरळ पडला नाही तर कोणत्या दिशेला उसळेल याचा नेम नसतो. हे सगळे करत असताना विरोधी संघाचे दोन-तीन धिप्पाड खेळाडू किक अडवायला समोरून झेपावत असतात.

आता सिडनीतले ते शेवटचे मिनिट. १७-१७ अशी बरोबरी होती. इंग्लंडला लाइन-आउट मिळाला, म्हणजे मैदानाबाहेर गेलेला चेंडू दोन रांगांच्या मधून आत फेकण्याची संधी. त्यांनी 'झिगझॅग' नावाची ठरवलेली चाल पुकारली. हुकर स्टीव्ह थॉम्पसनने रांगेच्या अगदी शेवटाकडे लांब फेक केली. ही फेक जोखमीची असते, पण तिच्यामुळे विरोधी बचाव विरळ होतो. लुईस मूडीने चेंडू झेलला, माइक कॅटने तो मैदानाच्या मधल्या भागाकडे नेला, मग स्क्रम-हाफ मॅट डॉसन फटीतून सुटून बरेच अंतर पुढे गेला. पण धावत सुटलेला डॉसन खेळाडूंच्या ढिगाऱ्याखाली सापडला, आणि विल्किन्सनकडे चेंडू अचूक पोचवण्याचे काम तर त्याचेच होते. अशा वेळी घाईत किक मारली असती तर बहुधा फसली असती. कर्णधार मार्टिन जॉन्सनने नील बॅककडून चेंडू घेऊन स्वतः एकदा पुढे मुसंडी मारली, ती केवळ डॉसनला उठून आपल्या जागी यायला वेळ मिळावा म्हणून. डॉसन उठला, त्याने पास दिला आणि विल्किन्सनने किक मारली.

तो जिथे उभा होता तिथून डाव्या पायाचा कोन साधायला वेळ लागला असता आणि तेवढ्यात किक अडवली गेली असती, म्हणून उजवा पाय. त्याच सामन्यात त्याचे ड्रॉप गोलचे आधीचे प्रयत्न हुकले होते, ही गोष्टही ध्यानात ठेवावी. प्रशिक्षक डेव्ह अल्रेड यांच्याबरोबर त्याने दोन्ही पायांवर वर्षानुवर्षे मेहनत घेतली होती. त्यामुळे कमजोर पाय हा त्याच्यासाठी जुगार नव्हता.

उजवा कोपरा

मी स्वतः जिल्हा पातळीवर बरीच वर्षे कबड्डी खेळलो आहे आणि नावावरून कळेलच की पकडी करणे हे माझे काम होते. त्यामुळे विल्किन्सनच्या किकांपेक्षा त्याच्या टॅकलकडे, म्हणजे चेंडू घेऊन येणाऱ्याला धरून पाडण्याकडे, माझे लक्ष अधिक जाते. या धाग्यावर त्याबद्दल अजून कोणीच लिहिले नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

फ्लाय-हाफ, म्हणजे दहा क्रमांकाचा खेळाडू, हा संघाचा मेंदू. चेंडू पास करायचा, किक मारायची की स्वतः धावायचे, हा निर्णय तो घेतो. त्या काळातले बहुतेक फ्लाय-हाफ बचावात जरा मागे सरकत आणि अंगावर येणारा बलदंड गडी शेजारच्या फ्लँकरच्या, म्हणजे आघाडीच्या धिप्पाड खेळाडूच्या, स्वाधीन करत. विल्किन्सन तसे करत नसे. २००० साली पॅरिसमध्ये फ्रान्सच्या एमिल एन्टामाकला त्याने केलेला टॅकल जरूर पाहावा. एन्टामाक त्याच्यापेक्षा उंचीने आणि वजनाने मोठा, शिवाय वेगात आलेला. या मुलाने खांदा त्याच्या कमरेत घातला, दोन्ही हात गुंफले, आणि नुसते पाडले नाही तर उचलून मागे रेटत नेले. कबड्डीतल्या पकडीतही हेच खरे असते की चढाई करणाऱ्याच्या वजनाला घाबरून अर्धवट हात टाकला की स्वतःलाच इजा होते, आणि पूर्ण अंग झोकून दिले की समोरच्याचे बळ निम्मे होते.

फरक असा की कबड्डीत आपल्याला साथ द्यायला साखळी असते आणि चढाई करणारा धावत पंचवीस मीटरवरून येत नाही. विल्किन्सन प्रत्येक सामन्यात अशा अनेक धडका स्वतःहून मागून घेत असे. सोप्या मार्गाने खेळला असता तर त्याला कोणी बोल लावला नसता, कारण संघाला त्याच्या पायांची गरज होती, खांद्यांची नव्हे. माझ्या मते ते १,१६९ दिवस या धडकांची किंमत आहेत. आणि तरीही त्याने तसे खेळायला नको होते, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण ज्याच्या पाठीमागे उभे राहायचे तो पुढे अंग झोकून देतो हे पाहून बाकीचे चौदा जण वेगळे खेळतात.

सांधा

उजवा कोपरा यांच्या निरीक्षणाला माझ्या व्यवसायाच्या अंगाने पुस्ती जोडतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे.

विल्किन्सनचा मूळ त्रास मानेतून खांद्याकडे आणि हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा होता. टॅकल करताना डोके एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला ओढला गेला की या मज्जातंतूंना ताण बसतो, हातात आग होते, बधिरपणा येतो आणि काही वेळ हात निकामी होतो. एकदा झाले तर बहुधा आपोआप निवळते. पुन्हापुन्हा होत राहिले तर स्नायूंची ताकद जाते आणि ती परत यायला महिनोन्महिने लागतात. विश्वचषकानंतर थोड्याच दिवसांत एका क्लब सामन्यात तेथेच पुन्हा मार बसला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये त्याची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर दंडात रक्त साकळले, गुडघ्याचा अस्थिबंध दुखावला, बरा होऊन परतताच तोच पुन्हा दुखावला, अपेंडिक्स आणि हर्नियाची दुखणी निघाली, आणि नोव्हेंबर २००६ मध्ये चक्क मूत्रपिंडाला जखम झाली.

रुग्ण म्हणून अशी माणसे मी पाहिली आहेत. एकच मोठी इजा असेल तर मन तिच्याशी जुळवून घेते, कारण शेवट दिसत असतो. एक बरी होत आली की दुसरी उभी राहते, तेव्हा माणसाचा आपल्या शरीरावरचा विश्वास जातो. त्यावर आम्हांला सांध्याइतकेच, किंबहुना अधिक, काम करावे लागते. विल्किन्सनने स्वतः पुढे त्या काळातल्या नैराश्याबद्दल आणि भीतीबद्दल उघडपणे सांगितले आहे. पुरुष खेळाडू असे बोलत नसत त्या दिवसांत तो बोलला, याचे मोल मला त्याच्या कोणत्याही गुणसंख्येपेक्षा जास्त वाटते.

काळी जर्सी

धागा उत्तम चालला आहे, पण थोडा वेगळा सूर लावतो. विल्किन्सन थोर आहेच, तरीही दहा क्रमांकावरचा आधुनिक काळातला सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हटले की मी न्यूझीलंडच्या डॅन कार्टरचेच नाव घेईन. आकड्यांत पाहायचे तर विल्किन्सनचे इंग्लंडकडून ९१ सामन्यांत १,१७९ गुण आणि ब्रिटिश अँड आयरिश लायन्सकडून (इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांचा संयुक्त संघ) सहा कसोटींत ६७, म्हणजे एकूण १,२४६. कार्टरचे ११२ कसोटींत १,५९८.

आकडे बाजूला ठेवले तरी २ जुलै २००५ चा वेलिंग्टनचा सामना विसरता येत नाही. समोर लायन्सच्या दहा क्रमांकावर विल्किन्सनच होता. कार्टरने दोन ट्रायसह एकट्याने ३३ गुण केले आणि न्यूझीलंडने ४८-१८ असा विजय मिळवला. कार्टर धावत असे, फटी हेरत असे, बचाव फोडत असे. विल्किन्सनचा खेळ त्या मानाने आखीव होता. तो चूक होऊ देत नसे, पण समोरच्याला चकवून जाण्याची ती सहजता त्याच्याकडे नव्हती.

मैदानवेडा

काळी जर्सी, धावण्याच्या सहजतेबद्दल तुमचे म्हणणे मला मान्य आहे आणि आकडे तर निर्विवाद आहेत. फक्त वेलिंग्टनच्या त्या सामन्याचा दाखला तुलनेसाठी वापरू नये असे वाटते, कारण विल्किन्सन त्या वेळी दुखापतींच्या ऐन मध्यात होता आणि त्या सामन्यातूनही त्याला जायबंदी होऊन बाहेर पडावे लागले.

शिवाय कार्टरचीही कहाणी या धाग्याच्या विषयापासून दूर नाही. २०११ चा विश्वचषक त्याच्या मायदेशात झाला, आणि साखळी फेरीतच सरावात जांघेचा स्नायू फाटल्यामुळे त्याला अंतिम सामना बाहेर बसून पाहावा लागला. चार वर्षांनी, ३१ ऑक्टोबर २०१५ रोजी, ट्विकेनहॅमवर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने १९ गुण केले आणि सामना संपताना शेवटची कन्व्हर्जन किक उजव्या पायाने मारली. तोही डावखुराच. दोघांनी जिंकलेल्या विश्वचषक अंतिम सामन्यांतल्या त्यांच्या शेवटच्या किका कमजोर मानल्या गेलेल्या पायाच्या निघाव्यात, हा योगायोग मला फार भावतो.

गंगाकाठ

मी नोकरीनिमित्त वीस वर्षे कोलकात्यात आहे. धाग्यावर ३ फेब्रुवारी २००७ ही तारीख वाचली आणि राहवले नाही, कारण त्या दिवशीचा इंग्लंड-स्कॉटलंड सामना ज्या चषकासाठी होता त्याचे नाव 'कलकत्ता कप' आहे, आणि तो चषक खरोखरच आपल्या रुपयांचा आहे.

१८७२ च्या नाताळात कलकत्त्यात इंग्लिश लोकांचा एक संघ आणि स्कॉटिश, आयरिश व वेल्श लोकांचा दुसरा संघ असा रग्बीचा सामना झाला. प्रत्येक बाजूला वीस खेळाडू होते. त्यातून पुढच्या वर्षी कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. बंगालच्या हवेत हा खेळ फार रुजला नाही, टेनिस आणि पोलोने लोक ओढून घेतले आणि काही वर्षांतच क्लब बंद करायची वेळ आली. सभासदांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते रुपये वितळवले आणि इथल्याच कारागिरांकडून एक चषक घडवून तो १८७८ मध्ये इंग्लंडच्या रग्बी युनियनला दिला. त्याच्या तीन मुठी फणा काढलेल्या नागांच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी खेळत आले आहेत. ज्या क्लबाचे मैदान मोडले त्याची चांदी जवळजवळ दीडशे वर्षे दुसऱ्या खंडात खेळली जाते, हे मला इथे हुगळीकाठी फिरताना अनेकदा आठवते.

विल्किन्सनचे पुनरागमन नेमके या चषकाच्या सामन्यात व्हावे याचा मला आनंद आहे. इंग्लंड ४२-२० असे जिंकले. त्याने एक ट्राय, एक ड्रॉप गोल, पाच पेनल्टी आणि दोन कन्व्हर्जन असे २७ गुण केले. प्रामाणिकपणे सांगायला हवे की त्याच्या ट्रायच्या वेळी पाय बाजूच्या रेषेला लागला होता असे रीप्लेत दिसत होते आणि तो ट्राय द्यायला नको होता. तो वजा केला तरी तीन वर्षांनंतर परतलेल्या माणसाचे बावीस गुण उरतात.

मुंबईकरांसाठी एक भर घालतो. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर पावसाळ्यात रग्बी खेळला जातो. चिखलात लंबगोल चेंडू पकडणे म्हणजे काय, हे एकदा तिथे उभे राहून पाहिले की २००३ च्या उपांत्य सामन्यातल्या त्या पावसातल्या किकांची किंमत कळते.

विलंबित

मी तबला शिकतो आणि शिकवतो. खेळातले मला फार कळत नाही, पण हा धागा वाचून विल्किन्सनच्या मुलाखती शोधून वाचल्या, आणि त्यातला एक भाग माझ्या फार जवळचा निघाला.

सरावाच्या बाबतीत तो कठोर होता, हे सर्वांना ठाऊक आहे. नाताळच्या दिवशीही तो मैदानावर जाई. शेवटच्या काही किक अगदी मनासारख्या लागल्याशिवाय घरी जायचे नाही, हा त्याचा नियम होता. एखादी किंचित चुकली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. किक मारताना तो गोलखांबांच्या मागे प्रेक्षकांत बसलेल्या एका काल्पनिक बाईची कल्पना करी. तिचे नाव त्याने डोरिस ठेवले होते आणि चेंडू थेट तिच्या हातातल्या वस्तूवर जावा असा नेम धरी. दोन खांबांच्या मधोमध मारणे त्याला पुरेसे वाटत नव्हते, म्हणून त्याने लक्ष्य इतके लहान करून घेतले होते. हात समोर जोडून, वाकून, तो जो क्षणभर थांबत असे, तो एकाग्रतेचा क्षण जगभर मुलांनी उचलला.

आमच्याकडेही कायदा वाजवताना एक बोल घसरला तर पहिल्यापासून सुरुवात करायला लावणारे गुरू असतात आणि त्याचा फायदाही होतो. परंतु मी अशी मुले पाहिली आहेत की ज्यांचा रियाज हळूहळू चुकीच्या भीतीवर उभा राहतो. त्यांना चांगले वाजले याचा आनंद होत नाही, फक्त चुकले नाही याची सुटका वाटते. विल्किन्सन स्वतःबद्दल हेच सांगतो. विश्वचषक जिंकल्यावरही समाधान टिकले नाही, पुढच्या चुकीची धास्ती लगेच परत आली. जखमी असताना ज्या गोष्टीने आपली ओळख ठरत होती तीच हातून गेली, तेव्हा तो पार तळाला गेला. पुढे तो बौद्ध विचारांकडे वळला आणि अपयशाच्या भीतीतून त्याला तिथे वाट सापडली, असे त्याने सांगितले आहे.

मला मैदानवेडा यांना विचारायचे आहे की, हा बदल त्याच्या खेळात दिसतो का? कारण संगीतात तो ऐकू येतो.

मैदानवेडा

विलंबित, तुमचा प्रश्न वाचून हा धागा काढल्याचे सार्थक वाटले, कारण मला जे म्हणायचे होते ते याच प्रश्नाच्या उत्तरात आहे.

बदल दिसतो, पण तो इंग्लंडच्या जर्सीत पूर्ण दिसत नाही. २००७ च्या विश्वचषकात इंग्लंडने साखळीत दक्षिण आफ्रिकेकडून ०-३६ असा मार खाल्ला, तेव्हा तो घोट्याच्या दुखापतीमुळे बाहेर होता. तो परतला, मार्सेमध्ये ऑस्ट्रेलियाला १२-१० असे हरवताना बाराही गुण त्याचे होते, उपांत्य सामन्यात यजमान फ्रान्सला १४-९ असे रोखले, आणि अंतिम सामना ६-१५ असा गमावला. ते सहाही गुण त्याचेच. विश्वचषकांतल्या एकूण २७७ गुणांचा त्याचा विक्रम कोणी मोडलेला नाही. तरीही त्या सामन्यांत तो संघाचा सगळा भार एकट्याने उचलणारा, ओठ घट्ट मिटलेला माणूस दिसतो. २०११ च्या विश्वचषकात तर त्याच्या किका सतत हुकत राहिल्या. रोमानियाविरुद्ध कन्व्हर्जनसाठी नियमबाह्य रीतीने चेंडू बदलल्याबद्दल दोन प्रशिक्षकांना एका सामन्यासाठी दूर ठेवले गेले, उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सने बाहेर काढले आणि डिसेंबरमध्ये त्याने आंतरराष्ट्रीय रग्बीचा निरोप घेतला. त्या दिवशी कारकीर्द मिटली असती, तर आपण तिला शोकांतिकाच म्हटले असते.

परंतु २००९ मध्येच त्याने बारा वर्षांचा न्यूकॅसल क्लब सोडून फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचे तुलाँ हे बंदराचे गाव आणि तिथला क्लब जवळ केला होता. तिथे त्याची इंग्लंडच्या जर्सीपासून हळूहळू सुटका झाली. तो फ्रेंच शिकला, मुलाखती फ्रेंचमध्ये देऊ लागला, कर्णधार झाला. मॅट गिटो, बाकीस बोटा यांच्यासारखे जगभरचे मोठे खेळाडू एकत्र आणलेल्या त्या संघाला धरून ठेवण्याचे काम त्याने केले. १८ मे २०१३ रोजी डब्लिनमध्ये युरोपीय क्लबांच्या चषकाच्या अंतिम सामन्यात क्लेरमाँ या दुसऱ्या फ्रेंच क्लबाकडे १५-६ अशी आघाडी होती. विल्किन्सनने एक पेनल्टी साधली, डेलॉन आर्मिटाजने ट्राय केला आणि विल्किन्सनच्या कन्व्हर्जनने तुलाँ १६-१५ असे जिंकले. त्या किकच्या आधीचा त्याचा चेहरा पाहा आणि २००३ चा चेहरा त्याशेजारी ठेवा. हात तसेच जोडलेले आहेत, वाकण्याची ढब तीच आहे, पण कपाळावरची ती आठी नाही. ही माझी समजूत असेल, मी ती नाकारत नाही, तरी दहा वर्षांत त्या माणसाच्या खांद्यावरून काहीतरी उतरले आहे, असे मला दर वेळी दिसते.

पुढच्या वर्षी, पस्तिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कार्डिफमध्ये सॅरसेन्स या इंग्लिश क्लबाला २३-६ असे हरवून तुलाँने तोच चषक राखला आणि त्या सामन्यात त्याचा एक ड्रॉप गोल उजव्या पायाचा होता. त्यानंतर एका आठवड्याने, ३१ मे २०१४ रोजी, फ्रेंच लीगच्या अंतिम सामन्यात कास्त्रला १८-१० असे नमवले. आदल्या वर्षी याच कास्त्रने याच सामन्यात तुलाँला हरवले होते. अठरापैकी पंधरा गुण विल्किन्सनचे होते. तो त्याचा शेवटचा सामना. ज्या देशाला त्याने दोन विश्वचषकांच्या उपांत्य फेरीत अडवले, त्याच देशातल्या एका बंदराच्या लोकांनी त्याला आपला मानून निरोप दिला.

सांधा

एक नोंद इथे असायला हवी असे वाटते. मैदानवेडा यांनी वर ज्या लाइन-आउटचे वर्णन केले, ती फेक करणाऱ्या स्टीव्ह थॉम्पसनला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. आपण विश्वचषक जिंकल्याचे आपल्याला आठवत नाही, असे त्याने जाहीरपणे सांगितले आहे. डोक्याला वर्षानुवर्षे बसलेल्या मारामुळे हे झाले, या दाव्यावर तो आणि इतर अनेक माजी खेळाडू रग्बीच्या नियामक संस्थांविरुद्ध न्यायालयात गेले आहेत. विल्किन्सनच्या खांद्याच्या आणि मनाच्या जखमा मोजताना त्याच्या शेजारी उभ्या असलेल्यांच्या जखमाही मोजाव्यात, एवढीच विनंती.

उजवा कोपरा

सांधा, हे माहीत नव्हते. वाचून सुन्न झालो. वर मी धडका झेलण्याच्या वृत्तीचे जे कौतुक केले ते मागे घेत नाही, पण आता माझ्या अकादमीतल्या मुलांना पकड शिकवताना डोके कोणत्या बाजूला ठेवायचे, यावर मी पूर्वीपेक्षा जास्त वेळ देईन.

नवखा

तुम्ही सर्वांनी सांगितले म्हणून काल रात्री २००३ चे ते शेवटचे मिनिट चार वेळा पाहिले. पहिल्या वेळी मला फक्त किक दिसली. दुसऱ्या वेळी जॉन्सनची ती मुसंडी दिसली, आणि ढिगाऱ्यातून उठून आपल्या जागेकडे येणारा डॉसन. तिसऱ्या वेळी मी लाइन-आउटची फेक करणाऱ्या थॉम्पसनकडेच पाहत राहिलो. चौथ्या वेळी किकनंतरचा भाग पाहिला, जो सहसा कोणी दाखवत नाही. ऑस्ट्रेलियाने घाईने पुन्हा सुरुवात केली, ट्रेव्हर वुडमनने चेंडू झेलला आणि माइक कॅटने तो बाहेर मारला, तेव्हा कुठे सामना संपला. आता तुलाँचे सामने शोधतो आहे. डब्लिनचा आधी पाहू की कार्डिफचा?